तेवढंच वाचा

आज सकाळपासून आमच्या कॉलनीत कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नाहीये. बारावीचा निकाल आहे. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेच्या दारात चपलांचा ढीग पडलाय, आत एकेका खुर्चीवर तीन-तीन पोरं बसलीयत आणि पंखा नेमका आजच बंद आहे. बाहेर आया उभ्या. त्यातल्या एकीने पदराचं टोक चावून चावून ओलं केलं होतं. मला पोस्टात जायला उशीर झाला होता, तरी दोन मिनिटं थांबलेच. तेवढ्यात तिची मुलगी बाहेर आली. हातात प्रिंटचा कागद, चेहऱ्यावर काहीच नाही. आईने आधी कागद पाहिला आणि मग मुलीकडे पाहिलं. मला तिथंच ओरडून सांगावंसं वाटलं, अहो बाई, उलटं करा, आधी पोरीकडे बघा! सांगितलं नाही. रस्त्यात फुकटचं शहाणपण कोणाला हवं असतं?

पण मग दिवसभर काउंटरवर शिक्के मारताना माझं त्र्याण्णव साल काही डोक्यातून जाईना.

नाशिकचा जून, आणि पाऊस लांबलेला. ढग इगतपुरीला अडकलेत, असं बसमध्ये रोज कोणीतरी ठासून सांगायचं, जणू हा स्वतः त्यांना तिथं बघून आलाय. द्राक्षं कधीच संपलेली. बागा एप्रिलातच छाटलेल्या, आता नुसती पानं आणि तारा. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना त्या छाटणीवर प्रवचन द्यायला फार आवडायचं. नाशिकच्या पाळकाला द्राक्षाशिवाय दृष्टांत सुचत नाही, असं आई म्हणायची, आणि म्हणून झाल्यावर जीभ चावायची. त्र्यंबक रोडला डोंगरातल्या बाया पाट्या घेऊन बसायच्या, पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं. सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांत दुपारी पत्रा तापायचा. खिडकीशी आईचं शिलाई मशीन, पिको-फॉलच्या साड्यांचा ढिगारा, आणि चार वाजले की पप्पांच्या शर्टाचा वास. कंपनीतल्या तेलाचा तो वास दहा वेळा धुतला तरी जायचा नाही. तो वास आला की मला घर भरल्यासारखं वाटायचं, अजूनही एखाद्या गॅरेजवरून जाताना वाटतं.

माझे पप्पा, शांतवन साळवे, मूळचे नांदगावकडचे. सातवी शिकून सतराव्या वर्षी नाशिकला आले आणि सातपूरच्या एका कारखान्यात चिकटले. मशीनवर बरीच वर्षं काढल्यावर त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवलं. काम काय, तर लोखंडी बुश, म्हणजे बोटभर नळीसारखा तुकडा, एकेक करून हातात घ्यायचा आणि त्याच्या भोकात गेज, म्हणजे मापाची दांडी, घालून बघायचं. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बरोबर असेल तो माल पुढं, नसेल तो लाल पेटीत. दिवसभर हेच. सुपरवायझर कधी म्हणायचा, "शांतवनराव, आज जरा सोडा ना, गाडी उभी आहे." पप्पा सोडायचे नाहीत. त्यांच्या या हट्टापायी एकदा बढती हुकली, असं आई सांगते. पप्पा सांगत नाहीत.

आता माझं. मी हुशार होते. नम्रपणे सांगता आलं असतं, पण होते. रविवारच्या शाळेत वचनांचं पाठांतर असायचं, त्यात सहा वर्षं लागोपाठ पहिली. बक्षिसाचे स्टीलचे डबे इतके झाले होते की आई त्यांत डाळी भरायची आणि कुठल्या डब्यात काय आहे हे माझ्या इयत्तेवरून सांगायची. "तुझ्या पाचवीत मसूर आहे बघ." दहावीला ब्याऐंशी टक्के पडले तेव्हा आमच्या दगडी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, माझा सत्कार झाला. पेन सेट, गुलाबाचं फूल, आणि सेक्रेटरी दयानंदकाकांचं भाषण, ही आपल्या मंडळीची डॉक्टरीण होणार. पप्पांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स काढून डब्याच्या पिशवीत ठेवली. दोन वर्षं ती पिशवीत होती. भाजीचं तेल लागून कागद आरपार दिसायला लागला, तरी ते कंपनीत कोणी नवीन आलं की काढून दाखवायचे.

तेव्हा मला कोणी विचारलं असतं की एस्तेर, तू कोण, तर मी टक्केच सांगितले असते. माझ्याजवळ सांगण्यासारखं दुसरं काही आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, परीक्षेचे दोन रिवाज होते. फेब्रुवारीत परीक्षेला बसणाऱ्यांनी आपापलं पेन आणायचं, ती सगळी पेनं एका ताटलीत ठेवून पाळकसाहेब प्रार्थना करायचे. आणि निकालानंतरच्या पहिल्या रविवारी उपकारस्तुती. उपकारस्तुती म्हणजे देवाचे आभार मानून दिलेलं दान. पाकिटावर कशाबद्दल ते लिहायचं, पाकीट मखमली पिशवीत टाकायचं. मग आशीर्वादाच्या आधी सेक्रेटरी एकेक पाकीट वाचणार, ज्याच्याबद्दल असेल त्याने जागेवर उभं राहायचं, आणि मंडळीने म्हणायचं, आमेन. वाढदिवस, लग्न, नोकरी, ऑपरेशन सुखरूप पार पडलं, सगळ्याला पाकीट. जूनमधला तो रविवार मात्र नुसता टक्क्यांचा. पोरं नवे कपडे घालून यायची, आया आधीच डोळे पुसत बसायच्या. नापास झालेलं पोर त्या रविवारी देवळात दिसायचं नाही. त्याला मावशीकडे धाडलेलं असायचं, नाहीतर ताप आलेला असायचा. असं करा म्हणून कोणी कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नव्हतं.

मला गणितात एकवीस पडले.

कॉलेजच्या फळ्यासमोर पोरींची रेटारेटी चालली होती. मी आधी वरून वाचलं, मग खालून वाचलं. मग खिडकीवर जाऊन गुणपत्रिका घेतली. क्लार्कने ती देताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्याचे उपकार मी अजून विसरले नाही. प्रतिभा, म्हणजे आमच्याच मंडळीतली माझी मैत्रीण, तिला अठ्ठ्याहत्तर टक्के होते. ती मला शोधत होती. मी जिन्यामागून पळाले. बसच्या पैशांची जांभळं घेतली आणि त्या रणरणत्या उन्हात त्र्यंबक रोडने सातपूरपर्यंत चालत गेले. जांभळं खायची इच्छा नव्हती. पण हाताला काहीतरी काम हवं होतं. एकेक तोंडात टाकायची, बी थुंकायची, पुढं चालायची. मला रडू येत नव्हतं. आपण आता कोणीच नाही, एवढं एकच कळत होतं आणि ते फार स्वच्छ कळत होतं.

आईने माझी जांभळी जीभ आधी पाहिली.

"जांभळं खात बसलीस? निकालाचं काय झालं?"

"गणित गेलं."

मशीनचा पायडल थांबला. आईने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहत होती कोण जाणे, मला तर वर्ष गेल्यासारखं वाटलं. मग म्हणाली, "हातपाय धू. ही साडी सहाला न्यायला येणार आहेत. मला सुईत दोरा दिसत नाहीये, तेवढा ओवून दे." मी दोरा ओवला. तीन वेळा चुकला. आई थांबली. चौथ्यांदा गेला, तेव्हा "शाब्बास" म्हणाली. त्या 'शाब्बास'चा मला इतका राग आला की मी आतल्या खोलीत जाऊन भिंतीला पाठ लावून बसले.

पप्पा चार वाजता आले. आईने त्यांना दारातच सांगितलं असावं, कारण ते नेहमीसारखे "चहा टाका" असं ओरडत आत आले नाहीत. माझ्याशेजारी खाली बसले. मी म्हटलं, "ती झेरॉक्स काढून टाका आता पिशवीतून. कंपनीत काय दाखवणार?"

"दाखवायला तू काय बुश हायेस?" पप्पा म्हणाले. आणि मग, "जेवलीस का नाय?"

एवढंच. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

शुक्रवार, शनिवार मी घराबाहेर पडले नाही. मला दोनशेच्या वर वचनं पाठ होती. अध्याय सांगा, ओवी सांगा, मी घडाघडा म्हणून दाखवीन. त्या दोन दिवसांत मी ती सगळी मनात म्हणून पाहिली. देव माणसाच्या बाहेरच्या रूपाकडे पाहत नाही, हे वचन मला तिसरीत असताना स्टीलचा डबा देऊन गेलं होतं. पण ते म्हणताना मला त्यातला डबाच दिसायचा. खरं सांगते, मी देवालाही परीक्षकच समजत होते. जरा प्रेमळ, हात सैल सोडून मार्क देणारा, पण परीक्षकच.

रविवारी सकाळी मी जाहीर केलं की मला ताप आहे. आईने कपाळाला हात लावला. "ताप नाहीये."

"येईल."

"आला की येऊन झोप. आत्ता वेणी घाल."

पप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभे होते. "चल एस्तू. बस चुकंल." मी म्हटलं, "पप्पा, नापास पोरं आजच्या दिवशी येत नाहीत. तुम्हाला माहीत आहे." ते म्हणाले, "मला माहीत हाय. म्हणून तर चल." मला ते कळलं नाही. पण त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, मी मुकाट्याने चपला घातल्या.

देवळात मी भिंतीकडेची जागा धरली. खांबाआड. पेटी, तबला, गायन, सगळं चाललं होतं, मला काही ऐकू येत नव्हतं. प्रतिभा पुढून दुसऱ्या बाकावर, नव्या पिवळ्या ड्रेसमध्ये. मखमली पिशवी आमच्या बाकाशी आली तेव्हा पप्पांनी खिशातून पाकीट काढून आत टाकलं. मी पाहिलं. मनात म्हटलं, नांदगावच्या काकाच्या घरी बाळ झालंय, त्याचं असेल.

मग दयानंदकाका उठले. चष्मा लावला, घसा खाकरला. एकेक पाकीट वाचायला लागले. अमक्याची कन्या दहावी पास, तमक्याचा चिरंजीव बी.कॉम. पास, प्रतिभा बारावी सायन्स अठ्ठ्याहत्तर टक्के. प्रत्येक नावाला एकेक जण उभा राही, आमेन, बसे. काकांची लय लागली होती. बारा-पंधरा पाकिटं झाली असतील, आणि मी माझं नाव ऐकलं.

"शांतवन साळवे आणि कुटुंब. कन्या एस्तेर बारावीची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्याबद्दल."

"आमेन!" मंडळी म्हणाली. जोरात म्हणाली, मी सगळ्यांची लाडकी होते ना. आमच्या मंडळीतल्या कोणाही सेक्रेटरीकडून होईल अशीच ती चूक होती. जूनचा रविवार, साळव्यांची एस्तेर, पाकीट, म्हणजे दुसरं काय असणार? काकांनी डोळ्यांनी नाव वाचलं आणि पुढचं सवयीनं म्हटलं.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. रिवाजाप्रमाणे मी उभी राहिले. पाय आपोआप उभे राहिले हो. लोक हसऱ्या चेहऱ्यानं बघत होते, प्रतिभा तोंड उघडं टाकून बघत होती, कारण तिने फळा पाहिला होता. आणि मी, खोटं का बोलू, त्या क्षणी मला हायसं वाटलं. एक सेकंद, दोन सेकंद. म्हटलं, असू दे. असंच राहू दे. ऑक्टोबरला बसेन, पास होईन, कोणाला कळणार आहे?

शेजारी बाक करकरला. पप्पा उभे राहिले.

"काका," ते म्हणाले, "पाकिटावर तसं लिवलेलं नाय. परत वाचा."

दयानंदकाकांनी चष्मा वर-खाली केला, पाकीट उजेडाकडे धरलं. "आमच्या एस्तेरबद्दल," त्यांनी वाचलं. पाकीट उलटं करून मागं पाहिलं. "पुढं काही लिहिलेलं नाहीये, शांतवनराव."

"पुढं काय नायच हाय. तेवढंच वाचा."

मला आठवतंय, पप्पांचा हात बाकाच्या पाठीवर होता, नखांत तेलाच्या काळ्या रेघा. तो हात जरासुद्धा हलत नव्हता. लोकांना काही उमजत नव्हतं. कोणीतरी कुजबुजलं. पप्पा एवढं करून गप्प राहिले होते, पुढचं ते बोलणार नव्हते. ते माझं होतं. मी बसू शकले असते.

"मी नापास झालेय, काका," मी म्हटलं. "गणितात."

माझाच आवाज मला परका वाटला. मग पुढून, वेदीजवळून, एक आमेन आला. पाळकसाहेबांचा. प्रवचनातला लांबवलेला नव्हे, साधा, घरात जेवताना म्हणतो तसा. त्यामागून आईचा आला. मग मंडळीचा आला, तुटक-तुटक, काहींचा आलाच नाही. दयानंदकाका खाली बघत म्हणाले, "बस, बाळ." मी बसले.

उपासना संपल्यावर आवारात निलगिरीखाली चहा असायचा. मी आईच्या मागं लपले. प्रतिभाची आई, वत्सलाकाकू, बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काहीतरीच बाई नवीन. नापास झाल्याची कसली उपकारस्तुती? देवाची थट्टाच की ही."

माझी आई कधी कोणाला उलटून बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "वत्सलाताई, तुमच्या तान्ह्या प्रतिभाच्या बाप्तिस्म्याला मी होते. तुम्ही पाकीट टाकलं होतं, मला चांगलं आठवतंय. तेव्हा कितवी आली होती हो ती?"

काकूंचा चहा बशीतच राहिला. मागं कोणीतरी फिसकन हसलं. आई शांतपणे ग्लुकोजचं बिस्किट बुडवून खात राहिली, पण तिचे कान लाल झाले होते.

हे सगळं आता सांगताना छाती फुगते माझी. पण त्या दिवशी? त्या दिवशी मी पप्पांवर भयंकर चिडले होते. परतीच्या बसमध्ये दांड्याला लोंबकळत मी त्यांच्याशी भांडले. "भर देवळात माझी शोभा केलीत. काका चुकले होते तर चुकू द्यायचं होतं. काय बिघडलं असतं?"

बस सिग्नलला थांबली होती. पप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खोटं लेबल लावून माल सोडत नाय मी." बस निघाली, गियर पडला, आणि मग आवाज चढवून, "आणि चांगला माल लाल पेटीत बी टाकत नाय."

पुढच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिलं. मी तोंड फिरवलं. सातपूर येईपर्यंत मी रडत होते, आणि निकाल लागल्यापासून तेव्हा पहिल्यांदा रडले.

लगेच काही प्रकाश वगैरे पडला नाही. साक्ष देणारे लोक सांगतात ना, अमुक दिवशी अमुक वाजता मी बदललो, तसं माझं काही झालं नाही. मी पुढचे तीन महिने सगळ्यांवर खेकसत होते. पण रविवार चुकवला नाही. कारण गंमत अशी झाली होती की आता लपवायला काही उरलंच नव्हतं. मी खांबाआडून पुढं बसायला लागले. एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला, आणि पप्पांच्या हातावर, आणि प्रतिभाच्या हातावर. तुकडा तोच, तेवढाच. मी लहानपणापासून हे बघत आले होते. त्या दिवशी मात्र माझा हात तसाच पसरलेला राहिला. मला कोणी काही विचारलं नव्हतं. काय केलंस, किती पडले, कोणीच नाही. तिसरीतलं ते वचन मला तेव्हा आठवलं आणि त्यात डबा नव्हता. मी देवाची आहे, हे पाठ करायची गोष्ट नव्हती. ते आधीपासून होतं. मी एकवीस मार्क मिळवले त्या दिवशीही होतं, ब्याऐंशी टक्क्यांच्या दिवशीही होतं, पण ब्याऐंशीच्या गुलाबाच्या फुलापुढं ते मला दिसलं नव्हतं.

ऑक्टोबरला गणितात एक्केचाळीस पडले. मी डॉक्टरीण झाले नाही. कला शाखेला गेले, पोस्टाची परीक्षा दिली, आणि आज तेरा वर्षं मनीऑर्डरी आणि रजिस्टरं करतेय. लोक कधी हळहळतात, "किती हुशार होतीस गं." मी म्हणते, "अजून आहे." म्हातारे पेन्शनर माझ्याच काउंटरला रांग लावतात, शेजारचा रिकामा असला तरी. मला त्याचा अभिमान आहे. पण उद्या तो काउंटर गेला तरी मी कमी होणार नाही, याचा जास्त आहे.

पप्पांनी पुढच्या जूनलाही पाकीट टाकलं. आमच्या एस्तेरबद्दल. त्याच्या पुढच्याही. काका बिचारे शिकले होते, नाव वाचून थांबायचे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी दुसऱ्या एका घरातून तसंच पाकीट आलं, मुलगा दहावीला आपटला होता. मग आणखी एक. आता जूनच्या रविवारी कोणाला ताप येत नाही. पोरं येतात, नाव घेतलं की उभी राहतात. काही टक्क्यांसकट, काही नुसत्या नावाची.

दयानंदकाका थकले तेव्हा मंडळीच्या पंचांनी सेक्रेटरी म्हणून माझं नाव काढलं. बाई म्हणून जरा कुरबुर झाली. तेव्हा पाळकसाहेब म्हणाले म्हणे, "जिने स्वतःचा निकाल उभं राहून सांगितला, ती दुसऱ्याचा नीट वाचेल." तेव्हापासून पाकिटं मी वाचते. वाचण्याआधी प्रत्येक पाकीट दोन्ही बाजूंनी बघते.

गेल्या वर्षीचं सांगायचंय मला. प्रतिभा इंजिनियर झाली, पुण्याला मोठ्या कंपनीत लागली, लग्नही थाटात झालं. त्या प्रत्येक वेळी वत्सलाकाकूंचं पाकीट आलं, आणि प्रत्येक पाकिटावर दोन-दोन ओळी असायच्या, पगार तेवढा लिहिला नाही हे नशीब. आणि मग गेल्या वर्षी जानेवारीत प्रतिभा परत आली. नवरा सोडून, नोकरी सोडून, दोन बॅगा घेऊन. कोणाला काही सांगितलं नाही. पाच महिने ती देवळात आली नाही, घराबाहेरही फारशी पडली नाही. एकदा पोस्टात तिकिटं घ्यायला आली होती. मला पाहिलं आणि शेजारच्या काउंटरला गेली. मला त्याचं काही वाटलं नाही. मीही एकदा जिन्यामागून पळाले होते.

जूनच्या त्या रविवारी वत्सलाकाकू आल्या, काठी टेकत, आणि त्यांच्यामागून ती. शेवटच्या बाकावर बसली, भिंतीकडे. मी पाकिटं वाचत होते. पंचाऐंशी टक्के, आमेन. नर्सिंगला प्रवेश, आमेन. पुढचं पाकीट हातात घेतलं आणि अक्षर ओळखलं. वळणदार, जुन्या शाळेतलं. मी पाकीट उलटं करून पाहिलं. पुन्हा सुलटं केलं.

"वत्सलाबाई आणि कुटुंब," मी वाचलं. "आमच्या प्रतिभाबद्दल."

आणि थांबले. लोक वाट बघत होते. वत्सलाकाकू काठीच्या मुठीकडे बघत होत्या. पप्पा तिसऱ्या बाकावर असतात आता. इतकी वर्षं मशीनच्या आवाजात काढली, त्यामुळे कमी ऐकू येतं, आणि आपण किती मोठ्यानं बोलतो तेही कळत नाही. ते तिथूनच ओरडले, "पुढं काय लिवलंय गं?"

"एवढंच आहे, पप्पा."

पप्पांनी मान हलवली. "आमेन," ते म्हणाले, साऱ्या देवळाला ऐकू जाईल असं. मंडळी त्यांच्यामागून म्हणाली, या वेळी एकही तोंड मागं राहिलं नाही.

आणि शेवटच्या बाकावर, भिंतीला हात लावून, प्रतिभा उभी राहिली.